रत्नाचा हजर व्हायचा दिवस

किल्ली फिरवली तरी काहीच झालं नाही. रत्नाने पुन्हा फिरवली. घरघर नाही, टक् नाही, समोरचे तांबडे दिवेसुद्धा लागले नाहीत. हॉर्न दाबला, तर नुसतं प्लास्टिक दाबल्यासारखं वाटलं. मघाशी रिमोटने दार उघडलं नव्हतं तेव्हाच तिला कळायला हवं होतं. पण तिला वाटलं, रिमोटमधला सेल संपला असेल, म्हणून तिने किल्ली घालून हाताने दार उघडलं.

शिरपूरच्या शाळेत लेखनिकाच्या जागेवर तिला आज दुपारपर्यंत हजर व्हायचं होतं. नाही गेली, तर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावू, असं हेडमास्तरांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. सकाळची एसटी निघून गेली होती. गाडी दारात असताना एसटी कशाला, असा विचार तिनेच केला होता.

रत्ना मूळची चाळीसगावची, बी.कॉम. झालेली. सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात लग्न होऊन आली, आणि नवऱ्याने, भूषणने, तिला खळ्यात आधी ट्रॅक्टर शिकवला, मग गाडी. गाव हसलं. भूषण म्हणायचा, "हसू दे त्यांना, उद्या तेच दवाखान्यात न्यायला तुला बोलावतील." मागच्या वर्षी काविळीचं निमित्त झालं आणि तो गेला. त्यानंतर घरात तिला कोणी वाकडा शब्द बोललं नाही. अडचण तीच होती. बाजारात जाते म्हटलं, तर सासरे चुडामण आबा पिशवी उचलून स्वतः निघायचे. माहेरी जाते म्हटलं, तर भावालाच बोलावून घ्यायचे. बँकेचे कागद सहीला घरी यायचे. अडवलं कोणीच नव्हतं, आणि वर्षभरात ती फाट्याच्या पुढे गेली नव्हती. रविवारी ती गाडी पुसायची, सुरू करायची, मागे-पुढे हलवायची आणि परत निंबाखाली तिथेच लावायची.

तिने शिरपूरच्या पुनाभाऊंना फोन लावला. गाडीच्या वायरिंगचं काम भूषण त्यांच्याकडेच करायचा.

"टकटक असा आवाज येतो का, वहिनी?"

"काहीच नाही. आतला दिवासुद्धा नाही."

"मग स्टार्टरला हात लावू नका. करंटच पुढे येत नाही. बॉनेट उघडा, बॅटरीच्या वायरी हलवून बघा."

वायरी घट्ट होत्या. पण बॅटरी ओळखीची वाटेना. कडा फुगलेल्या, वर शेतातली माती, एका कोपऱ्याला सुतळीची गाठ. ती गाठ तिने पाहिलेली होती. मक्याच्या शेतात रानडुकरं रोखायला तारेचं कुंपण होतं, त्याला झटका देणाऱ्या मशीनची ही बॅटरी.

आबा ओट्यावर बिडी ओढत बसले होते.

"आबा, गाडीतली बॅटरी तुम्ही काढली?"

"हा. मशीनवरली बसी गयी ना. रोज रातले डुक्करे मक्कामा घुसतंस."

"मग ही मेलेली गाडीत कशाला बसवली?"

"गाडी उन्हमा उभी राहस. भराई जाई, आसं वाटनं माले."

"आबा, मशीनला सोलरची पाटी आहे. गाडीला कुठे आहे?"

आबांनी गाडीच्या टपाकडे नीट पाहिलं. "एवढी महागनी गाडी, तिले पाटी बी नही?"

तिला हसू आलं नाही. "मला आज शिरपूरला हजर व्हायचंय. सगळ्यांना सांगितलं होतं मी."

"आज शे का ते?" आबा खरोखरच विसरले होते. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. "मंग उद्या जाय, पोरी."

"उद्या जागा नसेल."

तिने पदर खोचला, पाना घेतला आणि शेताची वाट धरली. आबा मागे मागे. मशीनची टिकटिक बांधापासून ऐकू येत होती. तिने बटण बंद केलं, तशी ती थांबली. वाटेत तिने पुनाभाऊंना फोन करून सगळं सांगितलं होतं; त्यांनी सांगितल्याप्रमाणे आधी मायनसची वायर सोडवली, मग प्लसची. टॉवेलाची चुंबळ करून बॅटरी डोक्यावर घेतली.

"दे, मी लेस," आबा म्हणाले.

"तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय. चला नुसते."

बॅटरी बसवून किल्ली फिरवली, तेव्हा तांबडे दिवे लागले. इंजिन दोनदा कण्हलं आणि सुरू झालं. आबांनी खिडकीच्या काचेवर हात ठेवला.

"सांजले लवकर ये. बॅटरी लावनी पडी. नही तं मक्का जाई."

"हो, आबा," ती म्हणाली, आणि म्हणताना आपल्याच आवाजाचा तिला राग आला.

फाट्यावर पुनाभाऊंचा फोन आला. "एक ध्यानात ठेवा, वहिनी. ती बॅटरी रात्रभर कुंपणावर होती. जाताना भरेल थोडी, पण एकदा बंद केल्यावर परत सुरू होईलच, असं मी सांगणार नाही. वाटेत बंद करू नका."

वाटेत तिने बंद केली नाही. बारा वाजायच्या आत ती शाळेच्या फाटकात होती, गाडी सुरूच. हात किल्लीवर गेला आणि थांबला. गाडी इथेच पडली, तर सांजेला आबा बांधावर उभे राहणार, आणि रात्री मक्यात डुकरं. गाडी अशीच चालू ठेवून वर जाऊन सही करून यावं, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. वर्षभर ती हेच करत आली होती, मागे-पुढे, आणि परत तिथेच.

तिने किल्ली फिरवली. पंखा थांबला, दिवे विझले. सर्टिफिकेटांची फाईल घेऊन ती उतरली.

वॉचमन पुढे आला. "ताई, गाडी किती वेळ राहील इथे?"

"शाळा सुटेपर्यंत तरी," रत्ना म्हणाली, "पुढचं नंतर बघू. ऑफिस कुठल्या बाजूला आहे?"