तिचं ‘कामून’ बंद झालं तेव्हा

“सुमन गेली...” दाराशी उभं राहून भाऊजी एवढंच म्हणाले. त्याला आता महिना होत आला. पिंपरीच्या कॉलनीत त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. भाऊजी, म्हणजे सुमनताईचा नवरा, कारखान्यात मशीनवर. ती बीडकडची, लग्न होऊन इकडे आली ती ‘का’ला ‘कामून’ म्हणतच. आणि बाई गं, किती ते कामून! एकाला जांभई आली की समोरच्याला कामून येते? दिवा विझवला न म्हणता वाढवला कामून म्हणायचं? उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, असं माझ्या सासूबाई म्हणाल्या, तर ही लगेच, “मग तान्ह्या लेकराची एवढी आठवण कोण काढतंय, मावशी?” सासूबाई तणतणत आत गेल्या. मला हसू आवरेना. कधीकधी डोकं उठायचं तिच्या प्रश्नांनी, खोटं कशाला बोलू!

गेल्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. पुण्याच्या डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन कॅन्सर आहे म्हणून सांगितलं. भाऊजींनी आम्हा शेजाऱ्यांना हात जोडले, “तिला अल्सर म्हणायचं. कळलं तर ती हाय खाईल.” आम्ही सगळ्यांनी कबूल केलं. पण आमची अक्कल बघा... जी शेजारीण पाण्यावरून रोज तिच्याशी कचाकचा भांडायची, तिनंच दुसऱ्या दिवशी तिची घागर सगळ्यांच्या आधी नळाखाली लावली!

सुमनताई घागर तिथेच टाकून माझ्याकडे आली. “अल्सर झालेल्या बाईला कुणी पहिला नंबर देतंय का? खरं सांग.” मी भाजी ढवळत राहिले. तिनं माझा हात धरला... आणि मी सांगितलं. तिनं माझा हात सोडला. मग म्हणाली, “मला कळलंय म्हणून ह्यांना सांगू नको. माझ्यासमोर हसून दाखवतेत बिचारे. तेवढा आधार काढून घेऊ नको त्यांचा.” मी तिला शब्द दिला.

त्यानंतर भाऊजी पाळीवर गेले की ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडायची. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की तोंड धुवायची, पदर सारखा करायची आणि घरी जायची. पुन्हा तिनं कशाचंच कामून विचारलं नाही. तिच्या त्या गप्प बसण्यानं माझा जीव कासावीस व्हायचा.

परवा भाऊजी चहाला आले. “तिला शेवटपर्यंत कळलं नाही ना?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “नाही.” “बरं झालं. घरी कधी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही मी. मशीनच्या आवाजात रडून घ्यायचो, तिथं कुणाला ऐकू जात नाही.” खरं अगदी ओठांवर आलं होतं. तरी तोंडावर सांगायचा धीर झाला नाही.

भाऊजी रविवारची पुरवणी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात, म्हणून इथे लिहिते आहे. भाऊजी, तिला सगळं माहीत होतं. तुम्ही तिकडे मशीनवर रडत होता, तेव्हा ती इकडे माझ्या ओट्याशी उभी राहून रडत होती. तिला दिलेला शब्द मी आज मोडला... आता तरी तिच्यासाठी घरात बसून रडा.