एका लोट्याचा संडास

मंगरूळपीरला आमच्या वस्तीत नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही त्याच्या मनाला आलं तर. गेल्या मार्चात सासूबाईंना लघवीला जळजळ सुरू झाली, मग ताप. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, पाणी भरपूर प्या, नाहीतर पुढचं दुखणं किडनीचं. मी तांब्या भरून त्यांच्या उशाशी ठेवायला लागले. संध्याकाळी तो तसाच. माझं डोकंच फिरलं.

"आई, तुमी पाणी काहून पेत नाही?"

"पेलं की जा लागते, बाई. अन गेलं की बादलीभर वता लागते. ड्रम कोन भरते, तू?"

ड्रम त्याच भरत होत्या, हे खरं. नवरा दुकानावर, मी मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरच्या शाळेत शिकवायला. आमच्या संडासाचं भांडं जुनं, पसरट, बादली ओतल्याशिवाय काही पुढे सरकत नसे. म्हणजे घरातलं पाणी पुरावं म्हणून ही बाई दिवसभर तहानेली राहत होती आणि आम्हाला पत्ता नाही. मला वाईट वाटलं, रागही आला. राग जास्त.

नवऱ्याला पर्यावरणाचं भारी वेड. त्यानं मोबाइलवर दोन बटणांचा कमोड दाखवला. लहान कामाला लहान बटण, पाण्याची बचत.

"वरच्या टाकीत थेंब नाही, बटन काय दाबता?" मी म्हटलं.

सॅनिटरीच्या दुकानात जास्त उताराचं भांडं मिळालं, खेड्यात शोषखड्ड्याच्या संडासाला बसवतात ते. त्याला पाणी अगदी थोडं लागतं. नवऱ्यानं तोंड वाकडं केलं. पाव्हणे काय म्हणतील? मी म्हटलं, पाव्हणे काय घरून पाणी घेऊन येतात? मिस्त्रीनं जुनं उकरून नवं बसवलं. सिमेंट वाळेपर्यंत शेजारच्यांचे उपकार घेतले.

सासूबाईंचा विश्वास नव्हता. लागली तर असू दे म्हणून भरलेली बादली दाराशी ठेवून त्या आत गेल्या. एक लोटा ओतला आणि सगळं साफ. बाहेर येऊन हातपाय धुतले, पाणी मागितलं, उभ्याउभ्याच गिलास संपवला आणि आणखी दे म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. नवऱ्यानंही मग ते भांडं आपणच सुचवल्यासारखं दोघातिघांना सांगितलं.

जळजळ गेली. पण मला आता सवयच लागली. शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचं, किती पाणी पेलं? एक दिवस त्या वैतागल्या. माझी शाळेची पिशवी रिकामी करत होत्या, हातात माझी पाण्याची बाटली.

"मले रोज विचारून राह्यली. तुही बाटली काहून भरेलच्या भरेल वापस येते?"

शाळेच्या संडासात आमच्या जुन्यासारखंच भांडं आहे आणि नळ नाही. हापशीवरून बादली भरून, सगळ्या पटांगणातून, सगळ्यांच्या देखत न्यावी लागते. म्हणून सकाळपासून मी पाणी पीत नाही. असं मी कधी ठरवलं नव्हतं. वर्षानुवर्षं ते होत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधी मी वर्गातल्या पोरींना आपापल्या बाटल्या समोर ठेवायला सांगितल्या. जवळजवळ सगळ्या भरलेल्या होत्या.