देवाला दोनदा विचारत नाहीत

आमच्या देवराईचं कुणी कौतुक केलं की माझं नाव निघतं, आणि मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

आमचं गाव डिचोली तालुक्यातलं, खाणीच्या डोंगराला लागून. खाणवाल्यांना देवराईतून ट्रकचा रस्ता हवा होता. गावातले निम्मे तयार होते. मुलांना नोकऱ्या मिळणार होत्या. तेव्हा मीच आग्रह धरून देवाला कौल लावायला लावला. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली आणि विषय संपला. शेजारच्या गावाने फायदा-तोटा बघून रस्ता दिला. त्यांची झर आटली, आमची आजही वाहते. आपली अक्कल एका पिढीची, चालीरीत अनेक पिढ्यांची. मोडण्याआधी थांबावं, हे मी तेव्हापासून मानत आलो. आजही मानतो.

पुढे काही वर्षांनी देवराईपलीकडच्या वाडीने पायवाट मागितली. तिथे सिंधुदुर्गातून खाणीवर आलेली कुटुंबं राहत. पावसात ओहोळ भरला की बस गाठायला त्यांना डोंगराला वळसा घालावा लागे. त्यांच्यातला एक ट्रक ड्रायव्हर बैठकीला आला. ट्रक घुसला नाही म्हणून आता पायी घुसतोय, असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही हसलो. तोही हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, देवाक इचारा तरी. देव नाय म्हणालो तर आमी गप."

"देवाला दोनदा विचारत नाहीत," मी म्हणालो.

असा नियम कधीच नव्हता. कौल असतोच पुन्हा पुन्हा विचारण्यासाठी. जुन्या माणसांनी बदलासाठी ठेवलेली ती सोय मी परंपरेचं नाव घेऊन बंद केली. खरं सांगायचं तर उजवी पाकळी पडेल, याची मला भीती वाटली होती.

त्याच पावसाळ्यात त्या ड्रायव्हरच्या बायकोला कळा सुरू झाल्या. खुर्चीत बसवून तिला वळशाच्या वाटेने नेलं. म्हापशाच्या इस्पितळात पोचेपर्यंत मूल गेलं होतं. मला कुणीच बोल लावला नाही. रीतच तशी, एवढंच सगळे म्हणाले.

आता आमच्या डोंगरावर बंगले बांधणारे फिरताहेत आणि वाडीने पुन्हा पायवाट मागितली आहे. देवळाच्या समितीतल्या तरुणांना वाटतं, आज पायवाट दिली की उद्या रस्ता मागतील. ही भीती खोटी नाही. मी तेच जुनं वाक्य म्हणावं, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी म्हणालो, कौल लावा. प्रश्न त्या ड्रायव्हरने विचारावा म्हणून त्याला घरी जाऊन घेऊन आलो. त्याचेही केस आता पिकलेत.

गाभाऱ्यासमोर तो मागे सरला. "आता तुमी इचारा, काका. मी तेव्हा इचारललंय."

पाकळ्या लावून झाल्या होत्या. मी हात जोडले. वाट द्यावी का, एवढंच म्हणायचं होतं. कुठली पाकळी पडावी, हे माझं मलाच ठरेना. तरी विचारलं.