दुसऱ्या फोटोतला अंधार

माझ्या आयुष्यात मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, त्या सुनंदा रामटेके, आमच्या दीदी, गेल्या त्याला आता काही आठवडे झाले. नागपूरहून त्यांचे भाऊ मनोहरदादा यांचा फोन आला, तेव्हा मी दीदींच्या रायपूरमधल्या शंकर नगरातल्या खोलीतच बसलो होतो, त्यांच्याच शेवटच्या फिल्मपुढे. फोन ठेवला आणि सवयीनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. रडू आलं नाही. काय करायचं तेच कळेना... अजूनही कळत नाही.

डोंगरगडच्या शाळेतून मी रायपूरच्या कॉलेजात आलो, तेव्हा हे शहर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. नव्या कार्यालयांच्या पाट्या लागत होत्या आणि मुलांसाठी छोट्या फिल्मा करण्याचं काम दीदींकडे येऊ लागलं होतं. त्या मातीची बाहुली केसभर हलवून फोटो काढत, पुन्हा हलवत, पुन्हा काढत. ते फोटो एकापाठोपाठ पळवले की बाहुली चालू लागे. मी एकदा पाहिलं आणि तिथलाच झालो. बाबा सिलतऱ्याच्या कारखान्यात होते. घरात पदवीपर्यंत जाणारा मी पहिलाच. ते म्हणाले, "बाहुल्या हालवाले कॉलेज शिकून राहिला काय बे?" दीदींच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी परीक्षा संपेपर्यंत मला खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही. दारातूनच म्हणायच्या, "आधी पास हो, पोट्ट्या. नापास पोट्टे माह्या बाहुल्याइले चालत नाही." पास झाल्याचं सांगायला गेलो, तर पेढा आधी बाहुलीपुढे ठेवला, मग मला दिला.

त्यांची शेवटची फिल्म एका मुलीची. ती अंधाऱ्या रानातून घरी परतते, हातात उजळणारी तलवार. तलवार म्हणजे बांबूची काडी आणि तिच्यावर गाड्यांना लावतात ती रेडियमची पट्टी. प्रत्येक हालचालीचे दोन फोटो. पहिला दिव्यांच्या उजेडात, बाहुलीच्या गालाजवळ निळ्या जिलेटिन कागदात गुंडाळलेला छोटा बल्ब ठेवून. दुसरा पडदे ओढून, दिवे घालवून, कॅमेऱ्याच्या भिंगाला लागून टॉर्च धरून. त्यात बाकी सगळं काळं, फक्त पट्टी पेटलेली. ती चमक नंतर कॉम्प्युटरवर निळी आणि धूसर करून पहिल्या फोटोवर बसवायची.

मी एकदा कंटाळून म्हणालो, "दीदी, काहून इतका त्रास? कॉम्प्युटरवर निळी रेघ ओढून टाकतो ना."

"ओढ. अन् तिच्या गालावर उजेड कोण पाडन, तुहा बाप?" त्या हसल्या. मग बल्ब जरा सरकवत म्हणाल्या, "तलवार पेटली, हे तलवारीकडे पाहून नाही समजत रे. तोंडाकडे पाहून समजते."

शेवटचं दृश्य त्यांनी एकट्यानं घेतलं. मी बहिणीच्या लग्नाला गावी गेलो होतो. परत आलो, तर त्या नागपूरला भावाकडे. घशाचं दुखणं बळावलं होतं, फोनवर बोलवत नव्हतं. मी फोटो जोडायला बसलो. मुलगी घराच्या दाराशी पोचते. पहिल्या फोटोंत सगळं ठीक, गालावर निळा उजेड. दुसरे फोटो मात्र नुसते काळे. एकातही पट्टी नाही. ती सापडली टेबलाच्या कडेखाली, नीट चिकटवलेली. काढलेली पट्टी पुन्हा कामाला यावी म्हणून त्या तिथंच लावून ठेवत. पण ही निघून पडली म्हणून लावली, की मुद्दाम काढली? पडली असेल, तर काळे फोटो काढत का बसल्या? मुद्दाम काढली असेल, तर गालाशी बल्ब कशाला? एक दिवस वाटतं, थकल्या होत्या, ध्यानात राहिलं नसेल. दुसऱ्या दिवशी वाटतं, विसरणाऱ्या बाई नव्हत्या त्या...

मी पत्र पाठवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. मनोहरदादा म्हणाले, पत्र उशाशी होतं, त्याच्यावर चष्मा होता. "वाचलं असन, नसन... मले नाही सांगता येत, भाऊ." फिल्म मागवणारे विचारतात, भैया, कब दोगे? मी आज-उद्या करतो. पट्टी टेबलाखाली आहे तिथंच आहे. पत्राचा कच्चा कागद माझ्याजवळ राहिला, तो असा:

"आदरणीय दीदी, जय भीम.

खोली रोज झाडतो. बाहुलीवर कापड झाकून ठेवलं आहे. शेवटच्या दृश्यात तलवार पेटत नाही. पट्टी लावायची राहिली काय? तसं असेल तर मी निळी रेघ ओढून देतो, कोणाला कळणार नाही. की घर आलं, आता तिला तलवारीचा उजेड नको, असं दाखवायचं होतं? तुम्ही सांगता तसं मी पुन्हा पुन्हा तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं उजेड आहे. कुठून येतो, ते मला समजत नाही.

तुम्ही लिहायचा त्रास घेऊ नका. मनोहरदादांना नुसतं सांगा. तोवर मी पट्टीला हात लावत नाही.

तुमचा,
राजेश"