एका वेळी एक वीत

बिरूतात्या कुठेही बसण्याआधी उजव्या टाचेने जमीन दाबून बघत. शेताचा बांध असो, एसटी स्टँड असो, की आमच्या प्रयोगशाळेची शहाबादी फरशी. फरशी दाबून काय कळतं, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. ‘फरशीचं काय कळत न्हाय, बाई. टाचंला सवय हाय,’ ते म्हणाले आणि बसले.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी बारामतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला नुकती लागले होते आणि तात्या तिथे प्रयोगशाळेत परिचर होते. कन्हेरीहून सायकलीने येत. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडायचं आणि शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, म्हणजे लेंडीमुताचं खत होतं आणि बदल्यात धान्य मिळतं. वडिलांच्या मागे कळप विकला गेला, थोडं रान हातात राहिलं आणि तात्या कॉलेजात चिकटले. मेंढरं गेली तरी बोलण्यातून गेली नव्हती. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलं शिरताना बघून ते म्हणत, ‘एक शिरलं की समदी शिरत्यात. पयल्याला फकस्त दार दावायचं.’

खाऱ्या पाण्याची टाकी ही माझी कल्पना. आमच्या मुलांना समुद्रातले जीव फॉर्मालिनच्या बरणीतूनच माहीत. सहलीला कोकणात गेलो तेव्हा तिथून शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू पोत्यांत भरून आणली. चार फुटी काचेची टाकी प्राचार्यांनी मंजूर केली. पाण्याचा प्रश्न तात्यांनी सोडवला. त्यांचा मेहुणा मुंबई-सोलापूर ट्रक चालवायचा. महिन्यातून एकदा तो समुद्राच्या पाण्याचे चार निळे कॅन इंदापूरला हायवेवर उतरवून जाई आणि तात्या ते एसटीने बारामतीला आणत.

एकदा तहसीलच्या कामासाठी मी इंदापूरला गेले होते, परतताना आम्ही एकाच गाडीत होतो. कंडक्टरने कॅनला पाय लावून विचारलं, ‘काय हाय म्हातारबा यात? रॉकेल न्हाय न्हवं?’

‘समुद्र हाय.’

कंडक्टरने झाकण काढून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि खिडकीतून थुंकला. ‘मग काढा समुद्राचं अर्धं तिकीट.’

‘अर्धं कसं? माझ्या आज्याच्या आज्यापरीस म्हातारा हाय त्यो. फुल फाडा.’

अख्खी गाडी हसली. तिकीट फाडलं नाही.

टाकीत पाच-सहा लहान मासे होते, शंखात राहणारे दोन खेकडे होते आणि एक हिरवा मासा होता, करंगळीएवढा. या जातीचा मासा वाळूत शिरून झोपतो. संध्याकाळी सहाला आम्ही टाकीचा दिवा मालवायला लागलो की तो तिरका होई, एक झटका देई आणि वाळूत नाहीसा होई. तात्यांची ड्यूटी साडेपाचला संपायची. ते सहापर्यंत थांबत. मासा वाळूत गेला की ‘बसला गडी’ म्हणत आणि मग सायकल काढत.

समुद्री जीव पाण्यातला चुना वापरून संपवतात, म्हणून वरून चुन्याची निवळी द्यावी, असं मी पुस्तकात वाचलं. निवळी थेंब थेंब द्यावी असंही त्यात होतं. मी रोज पहिल्या तासाआधी डाव्या कोपऱ्यात एक मग ओतायला सांगितलं.

‘थेंब थेंब म्हणला हुता न्हवं तुमी?’ तात्यांनी विचारलं.

‘थेंब मोजत बसायला वेळ आहे का, तात्या?’

‘न्हाय,’ ते म्हणाले आणि मगभर निवळी ओतली.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी त्यांनी मला स्टाफरूममधून बोलावून आणलं. हिरवा मासा टाकीच्या तळाशी घिरट्या घालत होता. तिरका व्हायचा, झटका द्यायचा, वाळूवर आपटायचा आणि पुन्हा वर यायचा. तोंडाची कातडी सोलून पांढरी झाली होती. ‘गडी जागा हुडकतोय, बाई. कालबी हुडकत हुता.’

मी हात घातला. वर बोटभर वाळू सुटी होती आणि खाली वाळूचीच फरशी झाली होती. पट्टीने ठोकलं तर टकटक वाजलं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात जिप्सम होतं. ‘चोपण झालंय, घट्ट बसलंय. कॅनॉलचं पाणी पाजून पाजून आमचं खालचं रान असंच झालं. त्याला हेच टाकत्यात.’ मी पुडी टाकीपासून लांब ठेवली. म्हटलं, हा चुन्याचाच भाऊ आहे, टाकलात तर उरलीसुरली वाळूही आवळून बसेल. मग एक ढेकूळ फोडून त्यावर ॲसिडचा थेंब टाकला. फसफसलं. सगळ्यात कडक भाग डाव्या कोपऱ्यात होता, निवळीचा मग ओतायचो तिथेच. एकदम ओतलेला चुना पाण्यात विरघळून राहत नव्हता, खाली बसत होता आणि सिमेंटसारखा कण न् कण चिकटवत होता.

‘म्हणजे मगाने झालं,’ मी म्हटलं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुडी परत खिशात घातली.

आता हा तळ कसा फोडायचा यावर आमचं जमेना. मला एका दिवसात संपवायचं होतं. तात्या म्हणाले, ‘एका येळी एक वीत.’ मेंढरं बसवताना रात्री त्यांच्याभोवती जाळीचं कुंपण घालतात, त्याला वाघर म्हणतात. ती वाघर रोज थोडी पुढे सरकवायची. एका जागी कळप फार ठेवला तर पीक जळतं आणि सगळ्या रानात एकदम सोडला तर कुठेच काही पडत नाही. ‘रान वितीवितीनं घ्याचं असतं, बाई. आन् हितं तर खाली किती दिस कोंडलेलं हाय, कुणाला ठावं?’

त्यांनी उजव्या बाजूला एक वीत जागा स्क्रू-ड्रायव्हरने हळूहळू फोडली. खालची वाळू काळी निघाली, सडक्या अंड्याचा वास सुटला. ती काळी वाळू त्यांनी रबरी नळीने लगेच बाहेर ओढली, तेवढंच नवं पाणी घातलं. मासे ठीक राहिले. सहा वाजता हिरवा मासा सगळ्या टाकीवरून एक फेरी मारून बरोबर त्या वितीत शिरला.

‘बसला गडी,’ तात्या म्हणाले. पुढची वीत आठ दिवसांनी, असं ठरलं.

तीन दिवसांनी, शुक्रवारी, कळलं की सोमवारी तपासणी समिती येणार. टाकी बघायला चांगली दिसत नव्हती. एका बाजूला खड्डा, त्याच्या कडेला काळा पट्टा, बाकी फरशी. शनिवारी तात्या पाणी आणायला इंदापूरला निघाले. जाताना दारात थांबून म्हणाले, ‘मी येस्तवर हात लावू नका, बाई. समदं एकदम उपसलं की खालचं इख वर येतं, मासं मरत्यात.’

मी बरं म्हटलं. मला शनिवारी दुपारी तास नव्हता. खुरपं घेतलं आणि सगळा तळ फोडला. तासभर लागला. पाणी राखाडी झालं. वास एवढा आला की खिडक्या उघडाव्या लागल्या. हवेचा पंप पूर्ण सोडला. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमिट करायला लागले.

तात्या चार वाजता आले. एका नजरेत त्यांना कळलं. शर्ट काढला, नळी लावली, अर्धी टाकी उपसली आणि महिन्याचे चारही कॅन तिच्यात रिकामे केले. सहा वाजता तळ सगळीकडे मऊ होता. हिरवा मासा वाळूच्या वर आडवा पडून होता. आत गेला नाही. तात्यांनी दिवा मालवला आणि ‘बसला गडी’ न म्हणताच सायकल काढली.

रविवारी मी जाऊन पाहिलं. एक खेकडा तेवढा जिवंत होता.

सोमवारी समिती आमच्या विभागात आली. प्राचार्यांनी मासे नसलेल्या टाकीसमोर उभं राहून विचारलं, ‘हे कुणी केलं?’ माझं नोकरीत कायम होणं त्याच वर्षी ठरायचं होतं. मी टेबलावरची जर्नलं सरळ करत होते.

‘माझ्या हातनं झालं, सर,’ तात्या म्हणाले.

मी काही बोलले नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. तात्यांना लेखी ताकीद मिळाली, तिची प्रत त्यांच्या फायलीला लागली आणि त्यांना प्रयोगशाळेतून काढून गेटवर बसवलं. वर्षअखेरीला मी कायम झाले.

टाकी मी पुन्हा उभी केली. या वेळी निवळीची बाटली वर टांगली आणि सलाइनची नळी लावून थेंब थेंब सोडली. मोजत बसावं लागत नाही, एकदा चिमटा नीट लावला की झालं. दर शनिवारी काचेच्या कांडीने एक वीत वाळू हलवायची, टाकीत सहा विती, दीड महिन्यात एक फेरा. गेटवर तात्या रोज विचारत, ‘काय म्हणतीया टाकी?’

‘ठीक आहे. हिरवा मासा आणलाय पुन्हा.’

‘कुठं झोपतो?’

‘उजवीकडे.’

‘मग डावीकडनं हलवा. झोपल्याली जागा शेवटी घ्याची.’

मी ते लिहून ठेवलं. त्यांना टाकी बघायला आत या, असं म्हणायला पाहिजे होतं. गेटवरच्या माणसाने जागा सोडायची नाही असा नियम होता, आणि मी तो नियम पुरेसा मानला.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना तात्या घरीच वारले, छातीत कळ येऊन. दहाव्याला मी कन्हेरीला गेले. शुक्रवार होता. माणसं पांगल्यावर त्यांच्या पत्नी हिराबाई पडवीत एकट्या होत्या. मी बसले आणि सांगितलं, ते मासे माझ्या हातून मेले होते, तात्यांच्या नाही.

‘ठावं हाय मला,’ हिराबाई म्हणाल्या. ‘त्याच दिशी सांगितलं हुतं त्यांनी.’

‘काय म्हणाले?’

‘म्हणलं, बाईला दम न्हाय. नवी हाय. शिकंल.’ मग म्हणाल्या, ‘च्या घेता का?’

चहा घेतला. रस्त्याला लागायची वाट त्यांच्या खालच्या रानातून होती. चोपण रान, वर मिठाची पांढरी साय. पण एका कडेने सात-आठ पट्टे तपकिरी होते, वर्षाला एक असे फोडलेले, शेणखत घातलेले. पुढचा पट्टा अर्धा झाला होता आणि कुदळ तिथेच होती. मी चप्पल काढून टाच दाबली. पट्ट्यात रुतली. पांढऱ्यात रुतली नाही. साडेचारची एसटी मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला, टाकी मी फोडली होती, ताकीद चुकीच्या माणसाला दिली गेली. त्यांनी तो दोनदा वाचला.

‘आता याचा काय उपयोग, मॅडम? गेला तो माणूस.’

‘फायलीला लावा,’ मी म्हटलं. ‘ताकिदीच्या वर लावा.’

त्यांनी क्लार्कला बोलावलं आणि मी उभी राहून फाईल बांधली जाईपर्यंत बघितलं. मग प्रयोगशाळेत गेले, बाह्या सरसावल्या आणि कांडी घेतली. शनिवार होता. तिसऱ्या वितीची पाळी होती.