आमचे हे आणि पाँडिचेरीचा मॅजिस्ट्रेट

आमच्या यांना फ्रेंच येत असे. भोरमध्ये राहून फ्रेंचचा काय उपयोग, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. विचारलं की चष्मा काढून पुसत आणि म्हणत, "विद्या कधी वाया जात नाही." मला तर लग्न होऊन आले तेव्हापासून ती वायाच जाताना दिसत होती.

सासरे संस्थानच्या कचेरीत कारकून. मुलानं वकील व्हावं म्हणून त्यांनी यांना पुण्याला कॉलेजात धाडलं. तिथं संस्कृतच्या वर्गात गर्दी फार, म्हणून हे फ्रेंचच्या वर्गात जाऊन बसले आणि तिथलेच झाले. बक्षीस म्हणून एक जाडजूड कोश मिळाला. वकिलीची परीक्षा राहिली ती राहिलीच. परत आले ते कचेरीत भाषांतरकार म्हणून. काम सगळं मराठीचं इंग्रजी करायचं: जंगलाच्या हद्दी, नीरेवरच्या पुलाची दुरुस्ती, एका पाटलानं दुसऱ्या पाटलाविरुद्ध केलेली तक्रार. फ्रेंच कोश मात्र हात धुतल्याशिवाय उघडायचा नाही, असा यांचा नेम होता. मला त्या घरात इतक्या सोवळ्यानं कुणी कधी वागवलं नाही.

मग १९३४ साली तो कागद आला.

वेल्ह्याकडचा एक माणूस, पुण्यात रेसच्या घोड्यांचा मोतद्दार होता. धन्यानं घोडे पाँडिचेरीला नेले तेव्हा हाही बरोबर गेला. तिथं धक्क्यावर कसलीशी मारामारी झाली, त्यात हा सापडला. धनी नामानिराळा. ह्याच्याजवळ कागद ना पत्र, भाषा कुणाला कळेना. तिथल्या फ्रेंच कचेरीनं भोर संस्थानला विचारलं, की हा खरोखर तुमचा माणूस आहे का. घरच्या कुणी त्याची ओळख पटवली तर सोडून देऊ. सोबत त्याचा फोटो होता. तोवर तो कोठडीत.

एवढंच काम. पण कागद फ्रेंचमध्ये, आणि उत्तर जायचं इंग्रज सरकारच्या गोऱ्या साहेबामार्फत, म्हणजे आधी सगळ्याचं इंग्रजी करायला हवं. त्या दिवशी हे कचेरीतून आले ते जवळजवळ धावतच. कोश काढला, हात धुतले, आणि जेवायला वाढलेलं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी चेहरा उतरलेला. कॉलेज सुटून वर्षं झाली होती, सही करणाऱ्याच्या हुद्द्याशीच गाडी अडली. तेव्हा संस्थानच्या न्यायाधीशसाहेबांनी सुचवलं, की आपल्या वकीलसाहेबांची मुलगी नुकतीच फ्रेंच घेऊन बी.ए. झाली आहे, तिची मदत घ्या.

ती म्हणजे मालिनी. रोज दुपारी आमच्या ओसरीवर येऊन बसायला लागली. पाचवारी पातळ, पायात चपला, मनगटावर घड्याळ. आल्या आल्या म्हणायची, "गंगाधरराव, कुठवर आलं?"

गंगाधरराव! मी या घरात आले तेव्हापासून हे नाव माझ्या जिभेवर आलं नव्हतं. मंगळागौरीला बायका मागे लागल्या तरी उखाण्यात मी अडखळायचे. आणि ही पोर, कालची, कॉफीचा कप घ्यावा तितक्या सहज ते घेत होती. हे मान वर करून "या, मालिनीबाई" म्हणायचे, आणि मी आत पोह्याला फोडणी द्यायचे, तर मोहरी करपायची.

त्यांचं चालायचं काय, तर हुद्दे. मला सगळं ऐकू यायचं. ऐकू यावं अशाच जागी मी तांदूळ निवडायला बसायचे.

"ग्रेफिए म्हणजे आपला शिरस्तेदार," हे म्हणायचे.

"इंग्रजीत क्लार्क ऑफ द कोर्ट लिहा," ती म्हणायची. "आणि प्रोक्युरर म्हणजे पब्लिक प्रॉसिक्यूटर."

हे पटकन झालं. अडलं ते सही करणाऱ्यावर. तो होता ज्यूज दँस्त्र्युक्सियाँ. ज्यूज म्हणजे न्यायाधीश, एवढं मलाही पाठ झालं होतं. पण हा न्यायाधीश शिक्षा देत नाही म्हणे. साक्षी घेतो, झडत्या करवतो, माणसाला कोठडीत ठेवतो, आणि खटला उभा करायचा का सोडून द्यायचं एवढंच ठरवतो. आमच्याकडे झडती फौजदारानं घ्यायची आणि निकाल न्यायाधीशानं द्यायचा. दोघांचं काम करणारा एकच माणूस भोरात कुणी पाहिलेला नव्हता.

यांनी लिहिलं 'जज'. मालिनीनं खोडून लिहिलं 'एक्झामिनिंग मॅजिस्ट्रेट'. यांनी पुन्हा 'जज' केलं. आणि हा नुसता शब्दाचा हट्ट नव्हता. संस्थानात पत्राला उत्तर बरोबरीच्या माणसानं द्यायचं असतं. तिकडचा जज असेल तर इकडे न्यायाधीशसाहेब स्वतः सही करणार, आणि त्यांना ती करायची फार हौस होती; परदेशी कचेरीला पत्र म्हणजे मान. मॅजिस्ट्रेट असेल तर पत्र मामलेदाराकडे. न्यायाधीशसाहेब रोज निरोप धाडायचे, "जज असेलच ना हो?" हे 'जज' म्हणायचे ते साहेबांसाठी, आणि मालिनी पटवून द्यायला लागली की शांतपणे ऐकत राहायचे, तेही तासन् तास.

मला विचाराल तर शब्द केव्हाच सापडला होता. यांनी तो सापडला असं म्हटलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी आली नसती. असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तिकडे एक माणूस कोठडीत बसलाय, आणि इकडे माझा नवरा एका पोरीपुढे मान डोलावतोय.

शेवटी मालिनी एकदा चिडली. म्हणाली, "गंगाधरराव, तुम्ही जज लिहिलंत तर वाचणारा समजेल की खटला होऊन गेला, शिक्षा झाली. मग कोण कशाला धडपडेल त्याच्यासाठी?" यांनी मुकाट्यानं 'एक्झामिनिंग मॅजिस्ट्रेट' लिहिलं. साहेब रुसले, पत्र मामलेदाराकडे गेलं. मी आजवर यांना शंभर गोष्टी सांगितल्या असतील, एकही त्यांनी पहिल्या झटक्यात ऐकली नव्हती. तिचं बरोबर होतं, याचा मला जास्तच राग आला.

जबानीसाठी त्या मोतद्दाराच्या बायकोला वेल्ह्याहून बोलावलं. तिला वाचून दाखवायचं होतं म्हणून हे जाणार, आणि कागदावर शंका निघाली तर म्हणून मालिनीही जाणार.

"मीही येणार," मी म्हटलं.

"अगं, तुझं काय काम तिथं?"

"तिचं जे काम, तेच माझं."

मामलेदारांच्या कचेरीत बाकावर मी मालिनीच्या आणि यांच्या मध्ये बसले.

साळूबाई दिराबरोबर चालत आली होती. काळीसावळी, अंगानं काटक, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. दीर कोंडिबा हात जोडून उभा. मामलेदारांनी फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो बराच वेळ पाहिला, अंगठ्यानं पुसला.

मग यांनी कागद मराठीत वाचायला घेतला. शेवटी एक भाग होता, तो हे घरी मोठ्यानं कधी वाचत नसत, म्हणून मलाही नवा होता. पाँडिचेरीतल्या एका बाईनं मॅजिस्ट्रेटपुढे सांगितलं होतं, की हा माणूस माझ्या घरी राहतो, तो भांडखोर नाही, त्याचं नाव सावळाराम.

साळूबाईनं मान वर केली. "तिनं नाव घ्येतलं?"

"हो," हे म्हणाले.

"सायबाम्होरं?"

"हो."

"आन् सायबानं लिवून घ्येतलं?"

यांनी नुसती मान हलवली. त्या बाईला मी पाहिलं नव्हतं, पण ती कशी बोलली असेल ते मला पक्कं ठाऊक होतं. सहज बोलली असेल.

मामलेदार म्हणाले, "बाई, नवऱ्याचं नाव सांगा." बायकांनी नाव घ्यायचं नसतं हे कचेरीलाही माहीत, बरोबरचा पुरुष सांगायचा, बाई मान डोलवायची, तेवढं चालायचं. कोंडिबानं घसा खाकरला.

"भावजी, तुमी गप ऱ्हावा," साळूबाई म्हणाली.

"वैनी, आवं नाव घ्येतलं तर दाद्याचं आयुष्य..."

"व्हय, ठावं हाय मला. म्हनून तर म्या कदी घ्येतलं न्हाई. लुगडं फाटलं, पोर गेलं, तरी न्हाई घ्येतलं. जपलं. आन् तिकडं ती येरंडाच्या बियागत उधळतीया."

तिनं पदर मागे सारला आणि पट्टेवाल्यालाही बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सावळाराम गेनबा रेणुसे. ऱ्हानार येल्हं. ह्यो माजा नवरा. सोडा त्येला. सुटला की हितं येऊ नगं म्हनावं. म्या नाव घ्येतलं, आता मला त्यो मेला."

कोंडिबा मटकन खाली बसला. साळूबाईनं फोटो टेबलावर ठेवला, उलटा.

यांची लेखणी थोडा वेळ चालली आणि थांबली. मालिनीनं वाकून पाहिलं. 'पत्नीने ओळखले', एवढंच लिहिलं होतं.

"आणि पुढचं?" ती हळूच म्हणाली.

"ते त्यांनी विचारलेलं नाही," हे म्हणाले. "मॅजिस्ट्रेटला ओळख पाहिजे. तो सुटेल एवढ्यावर."

मालिनीला ते पटलं असावं. ती मागे सरकली. साळूबाई आमच्याकडे पाहत उभी होती. आपलं बोलणं कागदात गेलं की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. पाँडिचेरीच्या बाईचं मात्र अक्षर न् अक्षर गेलं होतं.

मी उठून उभी राहिले.

"गंगाधर," मी म्हटलं, "तेही लिहा."

सगळी कचेरी माझ्याकडे बघायला लागली. यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. मग तो परत डोळ्यांवर चढवला आणि लिहायला लागले.