श्रीखंडाच्या डब्याचं झाकण

काल इंदिरानगरात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात उभी होते. सोल्डरिंगचा तो जळक्या राळेचा वास आला आणि मला आमच्या घरातली एक दुपार आठवली.

माझ्या मोठ्या बहिणीला, नीताताईला, बोलता येत नसे आणि तिची बोटं जन्मापासून वळलेली होती. ढोल वाजवणारं खेळण्यातलं अस्वल तिचं फार लाडकं. पण त्याचं बटण पाठीवर, एवढंसं. ते आम्हीच दाबायचो, आमची सवड बघून. त्या दुपारी अप्पांनी अस्वलाच्या वायरी बाहेर काढून दारावरच्या बेलच्या एका सुट्या बटणाला सोल्डर करून जोडल्या आणि वर श्रीखंडाच्या डब्याचं झाकण चिकटवलं. झाकण ताईच्या कोपराखाली ठेवलं. सवयीनं माझा हात पुढं गेला.

"थांब," अप्पा म्हणाले, "तिचं तिला करू दे."

कोपर घसरलं, पुन्हा आलं, आणि ढोल वाजला. मग ताई थांबेचना. शेवटी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "नीते, बास कर गं! कान किटले माझे!"

ओरडली आणि स्वतःच दचकली. ताईला कुणी कधी रागावलंच नव्हतं. रागावण्याजोगं काही तिला करताच यायचं नाही. ताईनं आईकडे बघितलं, तोंडभर हसली आणि कोपर पुन्हा झाकणावर टेकवलं.

आता ताई नाही, आई-अप्पाही नाहीत. अस्वल माझ्या कपाटात आहे, झाकणासकट. नवे सेल घातले की अजून वाजतं. मी वाजवत बसते. बास कर म्हणणारं कुणी नाही.